चेरी राहिली, बाकीच्या चवी कुठे गेल्या?

अर्धी_बाटली
कोला पिणाऱ्या आणि 'मी सोडलंय आता' असं सांगत पिणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा.

परवा कपाट आवरताना मागच्या कोपऱ्यात एक डबा सापडला. कोका-कोला स्पाइस्ड. रासबेरी आणि वर कसल्याशा मसाल्याचा वास, अशी ती भानगड. भावाने प्रवासातून आणलेला आणि मी 'नंतर पिऊ' म्हणून ठेवून दिलेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही चव उत्तर अमेरिकेत आली तेव्हा कंपनीने सांगितलं होतं, ही कायमची आहे, चार दिवसांची पाहुणी नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तीच कंपनी म्हणाली, बंद करतोय. कायमची म्हणजे सात महिने! माझ्या व्यायामाच्या संकल्पापेक्षा जास्त टिकली म्हणा.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. लाइम आली (२००५), ब्लॅक चेरी व्हॅनिला आली (२००६), कॉफीवाली ब्लॅक आली (तीही २००६), ऑरेंज व्हॅनिला आली (२०१९). यातल्या बहुतेकींचं नावही आज कुणाला आठवत नाही. चेरी मात्र १९८५ पासून ठाण मांडून बसलीय. व्हॅनिला २००२ मध्ये आली, २००५ मध्ये अमेरिकेतून गेली आणि २००७ मध्ये पुन्हा हजर.

तर प्रश्न असा, की या दोघींतच असं काय आहे? आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. बाकीच्या चवी पिण्यासाठी नसतातच, बघण्यासाठी असतात. खोडून दाखवा.

निवांत
पहिला! आता वाचतो.

कडूकारले
कसल्या चवी न काय. साध्या कोलाच्या ३३० मिलिच्या डब्यात ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. तिच्यात चेरी घाला, लिंबू घाला नाहीतर चंद्राची माती घाला, जीभ साखरच मोजते. बाकी सगळं लेबल.

अर्धी_बाटली
कारलेसाहेब, तुमचं आयडी बघूनच वाटलं होतं की हे येणार. साखरेचा वेगळा धागा काढा, तिथे मी स्वतः कबुलीजबाब द्यायला येतो. इथे चवीबद्दल बोला.

जुनाजाणता
मंडळी, प्रश्न उलटा घातलाय. 'चेरी का टिकली' असं विचारण्यापेक्षा 'चेरी कुणी शोधली' असं विचारा.

अटलांटाच्या जॉन पेम्बर्टनने १८८६ मध्ये कोका-कोला काढलं तेव्हा ते बाटलीत मिळत नव्हतं. औषधांच्या दुकानात सोडा फाउंटन असायचं. तिथला माणूस ग्लासात पाक ओतायचा, वरून सोड्याचं पाणी सोडायचा, चमचा फिरवायचा की झालं. आता समोर पाकांच्या दहा बाटल्या मांडलेल्या असल्यावर गिऱ्हाईक गप्प बसेल का? 'जरा चेरी टाका', 'थोडा व्हॅनिला टाका', 'लिंबू पिळा'. हे असं कित्येक दशकं चाललं होतं. कंपनीने १९८२ मध्ये नॉक्सव्हिलच्या जागतिक मेळ्यात चेरी कोक लोकांना चाखायला दिलं आणि १९८५ मध्ये बाजारात आणलं. म्हणजे लोक पीतच होते, यांनी फक्त झाकण लावलं.

माझं म्हणणं एवढंच. पिणाऱ्याने शोधलेली चव टिकते. बैठकीच्या खोलीत शोधलेली चव बैठकीपुरती टिकते.

निवांत
जाणताकाका, शेवटची ओळ फ्रेम करून लावतो. +१

खारुताई
काका, वाक्य झकास आहे पण मला पटलं नाही. कॉफीचं काय मग? कोलात कॉफी ओतून पिणारे लोक जगभर होते. परीक्षेच्या दिवसांत आमच्या वसतिगृहात निम्मी पोरं तेच करायची, आणि त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या नियमाने ब्लॅक टिकायला हवी होती. ती जानेवारी २००६ मध्ये फ्रान्समध्ये आली, एप्रिलमध्ये अमेरिकेत आली आणि २००८ पर्यंत आटोपली. २०२१ मध्ये अमेरिकेत कॉफीवाला कोक नव्याने आला, त्याचाही काही चेरी झाला नाही.

शिवाय लिंबू! फाउंटनवर लिंबू पिळत होते म्हणता. मग डब्यातली लाइम चेरीसारखी का नाही रुजली?

जुनाजाणता
लिंबू घरीच पिळता येतं हो खारुताई. फोड कापायची आणि ग्लासात टाकायची. चेरीचा पाक कोण घरात करत बसणार?

कॉफीचं मान्य. तिथे माझा नियम लंगडा पडतो. विचार करून सांगतो.

रसायनवाली
माझा रोजचा संबंध वासांशी आणि चवींशी येतो (काम त्याच क्षेत्रातलं, कोला कंपनीत मात्र नाही), म्हणून थोडं लांबलचक लिहिते. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

कोलाची चव म्हणजे नेमकी कशाची चव? संत्रं म्हटलं की फळ डोळ्यांसमोर येतं. कोला म्हटलं की काहीच येत नाही. कोला नट नावाची बी असते खरी, पण आपण जिला कोलाची चव म्हणतो ती त्या बीची नाही. ती चव मिश्रणाची आहे. लिंबू आणि संत्र्याच्या सालीतली तेलं, दालचिनी, जायफळ, व्हॅनिला. पेम्बर्टनची म्हणून जी जुनी कृती छापली गेलीय तिच्यात धण्याचं आणि संत्र्याच्या फुलांचं तेलही आहे. हे सगळं इतकं एकजीव झालेलं असतं की एकेक वेगळं ओळखू येत नाही. त्यात कॅरॅमलचा रंग, फॉस्फोरिक आम्लाची आंबट धार आणि वायूची चुरचुर.

आता यात व्हॅनिला घातला तर काय होतं? नवं काही येत नाही. आत दबून बसलेला एक आवाज मोठा होतो, बस. लिंबाचंही तेच, दालचिनीचंही तेच. म्हणून या चवी पहिल्या घोटाला परक्या वाटत नाहीत.

चेरीची गंमत वेगळी. चेरीच्या चवीतला मुख्य रेणू बेन्झाल्डिहाइड, आणि कडू बदामाचा वासही त्याचाच. म्हणजे चेरी कोक पिताना निम्मा वेळ आपण बदामच हुंगत असतो. तो गोडसर, किंचित कडवट वास व्हॅनिला-दालचिनीच्या शेजारी अगदी घरच्यासारखा बसतो. रासबेरी मात्र फुलासारखी, हलकी. ती कोलाच्या अंगावर तरंगत राहते, आत उतरत नाही. हे शेवटचं माझं नाक सांगतंय, कुठलं पुस्तक नाही.

आणि खारुताई, कॉफीबद्दल. कॉफी आणि कोला दोघेही भाजलेले, कडवट, काळे. दोन्ही एकाच खुर्चीवर बसू बघतात. वसतिगृहात तुम्ही ते चवीसाठी पीत नव्हता, जागं राहायला पीत होता.

खारुताई
हे मात्र खरं. चव आठवली की आजही परीक्षेची स्वप्नं पडतात.

ढगोबा
रसायनवाली ताईंचा प्रतिसाद आत्ता वाचतोय. चार दिवस उशीर झाला हो.

रविवारी मलाही अशीच हुक्की आली होती. म्हटलं कोलात दालचिनी आधीच असते तर थोडी वाढवू. ग्लास काठोकाठ भरला आणि दालचिनीची पूड अर्धा चमचा, ती वरून भुरभुरवली नाही, सरळ ओतली. ग्लासातून जे काही वर आलं त्याला फेस म्हणणं म्हणजे पुराला ओहोळ म्हणणं. टेबल, वही, लॅपटॉप. बायको दारातून म्हणाली, 'चव कशीय?' लॅपटॉप दुरुस्तीला दिलाय, मोबाइलवरून टंकतोय.

प्रश्न एवढाच, की हे झालं कसं? मी सोडा घातला नव्हता, व्हिनेगर घातलं नव्हतं.

कडूकारले
साखरेचा शाप.

रसायनवाली
ढगोबा, आधी हसले, आता सांगते. यात रासायनिक क्रिया काही नाही. बाटलीत वायू दाबाखाली विरघळलेला असतो. झाकण उघडलं की त्याला बाहेर पडायचं असतं, पण बुडबुडा जन्माला यायला आधार लागतो. खडबडीत जागा, बारीक खाच, धुळीचा कण, काहीही चालतं. गुळगुळीत ग्लासात असे आधार कमी, म्हणून वायू हळूहळू निघतो. तुम्ही अर्धा चमचा पूड ओतलीत म्हणजे एका क्षणात असंख्य आधार दिलेत. मिंटच्या गोळ्या टाकून कारंजं उडवतात त्यातही हेच असतं.

पुढच्या वेळी साखरेच्या पाकात दालचिनीचा तुकडा उकळा, गाळा, गार करा. तो पाक ग्लासात आधी घ्या आणि कोला त्यावर सावकाश ओता, ग्लास तिरपा धरून. जाणताकाकांच्या फाउंटनवर हाच क्रम होता, पाक आधी आणि पाणी नंतर.

ढगोबा
पुढच्या वेळी म्हणे. घरात आता मला चमचा हातात देत नाहीत.

प्रवासी_पक्षी
धागा आवडला. चवींचा खरा बाजार बघायचा तर जपानकडे बघा. तिथे पेप्सी विकते सन्टोरी नावाची जपानी कंपनी, आणि त्यांनी मध्यंतरी लावलेला सपाटा बघून मी चाट पडलो होतो. २००७ मध्ये आइस क्युकंबर, म्हणजे काकडी. २००८ मध्ये दह्याच्या चवीची पांढरी. २००९ मध्ये शिसो (हिरव्या पानांची, तुळशीच्या लांबच्या नात्यातली) आणि त्याच वर्षी अझुकी, म्हणजे लाल चवळीसारखं दिसणारं त्यांचं कडधान्य. २०१० मध्ये बाओबाब, म्हणजे आफ्रिकेतलं ते जाड बुंध्याचं झाड. २०१२ मध्ये मीठ लावलेलं कलिंगड.

मी तिथे होतो तेव्हा काकडी नव्हती, शिसो होती. हिरवीगार. पहिला घोट घेतल्यावर वाटलं कुणीतरी बागेतली पाइप तोंडात धरलीय. दुसरा घोट बरा लागला. तिसऱ्याला आवडायला लागली, तेवढ्यात बाटली संपली आणि परतीचा दिवस आला.

पण मुद्दा असा की यातली एकही टिकावी अशी तिथे कुणाची अपेक्षाच नव्हती. ऋतूपुरती आणायची, लोकांनी एकदा घ्यायची, फोटो काढायचा, पुढच्या ऋतूत दुसरी. सात महिन्यांत गेली म्हणून अर्धी_बाटली हळहळतायत. तिथे सात महिने म्हणजे दीर्घायुष्य झालं असतं.

अर्धी_बाटली
म्हणजे माझंच म्हणणं झालं ना! बघण्यासाठी असतात, पिण्यासाठी नाही.

प्रवासी_पक्षी
अहो पण मी प्यायलो ना. आणि तिसरा घोट अजून आठवतोय.

टिंब_टिंब
जपान सोडा, २०२२ नंतर कोका-कोलाने जे काढलं ते कुणाला आठवतंय? स्टारलाइट म्हणजे अंतराळाची चव. बाइट म्हणजे पिक्सेलची चव. ड्रीमवर्ल्ड म्हणजे स्वप्नांची चव. २०२३ मध्ये वाय-३०००, म्हणजे इसवी सन ३००० ची चव, आणि ती म्हणे कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेऊन बनवलेली.

पुढे काय काय येईल याची माझी यादी:
सोमवार सकाळ (किंचित कडू)
न वाचलेले मेल
'बघतो आणि सांगतो'
ढगोबांचा लॅपटॉप (दालचिनीयुक्त)

निवांत
'बघतो आणि सांगतो' मी रोज पितो. साखर शून्य, आशा शून्य.

रसायनवाली
टिंबराव, हसण्यावारी नेऊ नका, यात चलाखी आहे. 'चेरी' लिहिलं की पिणारा डोक्यातल्या चेरीशी तुलना करतो आणि म्हणतो, छे, जमली नाही. 'अंतराळ' लिहिलं की तुलना करायला काही उरतच नाही. चूक सापडणार कशी?

काचपात्र
मी या स्थळावर वाचनमात्र असतो, पण रंगाचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितोय.

चव बदलली की कोलाचं फार बिघडत नाही, रंग बदलला की बिघडतं असं माझं निरीक्षण आहे. १९९२ मध्ये क्रिस्टल पेप्सी आली, पाण्यासारखी पारदर्शक. कोका-कोलाने लगोलग टॅब क्लिअर आणलं. दोन्ही थोड्याच काळात गेली. २००२ मध्ये पेप्सी ब्लू आली, निळीशार, बेरीच्या चवीची. २००४ पर्यंत अमेरिकेतून तीही गेली. जपानमध्ये २०१८ मध्ये कोका-कोला क्लिअर आलं, कॅरॅमल काढून आणि लिंबाची झाक देऊन.

पारदर्शक कोकची एक जुनी गोष्ट मात्र भन्नाट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत मार्शल झुकॉव्हना कोक आवडायचं, पण अमेरिकेचं प्रतीक असलेलं ते काळं पेय हातात घेऊन दिसणं परवडणारं नव्हतं. मग अमेरिकी अधिकाऱ्यांच्या मदतीने त्यांच्यासाठी रंग काढलेलं कोक बनलं. सरळ उभी काचेची बाटली, पांढरं झाकण, त्यावर लाल तारा. लांबून बघणाऱ्याला वोडका वाटावी अशी! पहिली खेप ५० खोक्यांची होती.

म्हणजे बिनरंगी कोकची मनापासून मागणी करणारा इतिहासातला सगळ्यात पक्का गिऱ्हाईक हा एकटाच म्हणायचा.

जुनाजाणता
काचपात्र, वाचनमात्र राहू नका हो. लिहीत जा.

रसायनवाली
रंगाचं अगदी खरं. २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन चवहीन लाल रंग घालून दिली. त्यांनी वर्णन करताना लाल वाइनचे शब्द वापरले. शिकणाऱ्यांची ही गत, तर आपण कोण?

खारुताई
मग घरी एक खेळ करून बघा, आम्ही केलाय. डोळ्यांवर पट्टी बांधायची, नाक चिमटीत धरायचं आणि साधा कोला, चेरी, व्हॅनिला असे तीन घोट द्यायचे. आमच्याकडे सहापैकी एकालाच तिन्ही बरोबर ओळखता आले, आणि ती माझी नऊ वर्षांची भाची. बाकीचे मोठे लोक नाक सोडल्यावर 'हां हां, चेरी, म्हणणारच होतो' असं म्हणत बसले.

कडूकारले
म्हणजे मी काय वेगळं म्हणत होतो? नाक बंद केलं की उरते साखर. पहिल्या पानावरच सांगितलं होतं.

अर्धी_बाटली
मान्य. कारलेसाहेबांना एक गुण.

साखरेवरून आठवलं, थोडं अवांतर. डाएट आणि झिरो यांत फरक काय? मला दोन्ही सारखीच गोडमिट्ट लागतात आणि आमच्याकडे यावरून भांडणं होतात.

काचपात्र
डाएट कोक (१९८२) म्हणजे कोकमधून साखर वजा केलेलं पेय नव्हे. त्याची घडण वेगळी आहे, स्वतःची चव आहे. २००५ मध्ये झिरो आलं ते मूळ कोकच्या चवीच्या जवळ जायचं ठरवून. त्यामुळे डाएटचे भक्त झिरोला हात लावत नाहीत आणि झिरोवाले डाएटला. भांडण रास्त आहे.

रसायनवाली
आणि घरात साठवताना ध्यानात ठेवा, त्यांत साखरेऐवजी घालतात ते ॲस्पार्टेम आम्लात आणि उष्णतेत हळूहळू मोडतं आणि गोडी उतरते. साखरवाल्याला ती अडचण नाही. म्हणून बिनसाखरेचा डबा वर्षभर कपाटात ठेवून मग चवीला नावं ठेवू नयेत.

ढगोबा
कपाटावरून आठवलं, अर्धी_बाटली, तुमचा तो स्पाइस्ड डबा उघडलात का नाही?

अर्धी_बाटली
नाही अजून. धीर होत नाही. जगात फार थोडे उरले असतील.

जुनाजाणता
विचार करून सांगतो म्हणालो होतो, ते सांगतो.

१९८५ हे साल बघा. एकाच कंपनीने एकाच वर्षी दोन गोष्टी केल्या. २३ एप्रिलला मूळ कोकची चव बदलली आणि नवं कोक आणलं. त्याच वर्षी चेरी कोकही बाजारात आणलं. नव्या कोकच्या मागे जवळजवळ दोन लाख लोकांच्या चव-चाचण्या होत्या. आकडे सांगत होते की लोकांना नवं जास्त आवडतंय. झालं काय? जूनपर्यंत कंपनीच्या दूरध्वनीवर दिवसाला १,५०० तक्रारवजा फोन, जिथे आधी ४०० यायचे. ७९ दिवसांनी, ११ जुलैला, जुनं कोक 'क्लासिक' म्हणून परत. लोक म्हणाले हा सगळा डाव होता. त्यावर कंपनीचे अध्यक्ष डोनाल्ड किओ म्हणाले, आम्ही इतके मूर्खही नाही आणि इतके हुशारही नाही.

आणि चेरी? तिच्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. कारण ती शेजारी येऊन बसली. हिने कुणाची खुर्ची ओढली नाही.

तर माझा सुधारित नियम. मूळ चव जागेवर असेल तर लोक शेजारी काहीही चालवून घेतात, आणि त्यातलं पिणाऱ्यांनी आधीच शोधलेलं असेल ते राहतं. कॉफी लंगडीच राहिली, तिला मी सोडून देतो.

खारुताई
काकांनी माघार घेतली! तारीख लिहून ठेवा रे.

पण एक विचारू? दोन लाख लोक चुकले कसे?

काचपात्र
चुकले नाहीत, घोटभरच प्यायले. छोट्या कपातला एक घोट असेल तर गोड जिंकतं. पेप्सीने १९७५ पासून जे आंधळ्या चाचणीचं आव्हान चालवलं त्यातही हेच होतं. अख्खा डबा, तोही रोज, म्हटल्यावर तोच गोडवा अंगावर येतो. शिवाय चाचणीत कुणी असं विचारलंच नव्हतं की 'हे आवडलं तर जुनं कायमचं बंद करू का?'

मला वाटतं स्पाइस्डसारख्यांचं दुखणंही याच जातीचं असावं. एक घोट मजेदार. अख्खा डबा?

प्रवासी_पक्षी
जाणताकाकांच्या पिणारा-शोधतो सिद्धांताला माझ्याकडून एक पुरावा. २००९ पासून कोका-कोलाची फ्रीस्टाइल नावाची यंत्रं आहेत, पडद्यावर बोट ठेवून आपण चव मिसळायची. शंभराहून जास्त पर्याय. लोक काय मिसळतात हे कंपनीला कळतं. २०१७ मध्ये स्प्राइट चेरी बाटलीत आली ती याच नोंदींवरून. म्हणजे जुन्या फाउंटनवरचा चमचेवाला गेला आणि त्याच्या जागी यंत्र आलं, पण 'जरा चेरी टाका' म्हणणारा तोच आहे.

पुतण्याला अशा यंत्रापुढे उभं केलं तर त्याने अकरा चवी एकात घेतल्या. रंग गटाराचा, चव बरीचशी कोलाचीच.

रसायनवाली
अकरा वास एकजीव झाले की कोला होतो, हे पुतण्याने प्रयोगाने सिद्ध केलं. शाबास त्याची.

टिंब_टिंब
डॉ. पेपर या अमेरिकी पेयाचे लोक तर त्यात २३ चवी एकत्र असल्याचं सांगतात. १८८५, टेक्सासातलं वेको, तेही औषधांच्याच दुकानात. कोकपेक्षा एक वर्षाने मोठं आणि म्हणायला कोलाही नाही. २०२३ च्या विक्रीत अमेरिकेत त्याने पेप्सीला निसटतं मागे टाकलं. पुतण्याला कळवा, आणखी १२ चवी घातल्या असत्या तर भविष्य होतं.

निवांत
चेरीच्या बाजूने एक साक्षीदार राहिला. अमेरिकेतले बडे गुंतवणूकदार वॉरन बफे. ४८ वर्षं दुसऱ्याच पेयाशी इमान राखून होते, चेरी कोक प्यायले आणि पक्ष बदलला. आपल्या बर्कशायर हॅथवे कंपनीच्या भागधारकांना लिहिलेल्या १९८५ च्या पत्रात जाहीर केलं, की यापुढे आमच्या वार्षिक सभेचं अधिकृत पेय चेरी कोक. १९८८ मध्ये कोका-कोला कंपनीचे शेअर घ्यायला लागले. २०१७ मध्ये चीनमध्ये चेरी कोकच्या डब्यावर त्यांचं चित्र आलं. मीही चेरी कोक प्यायलोय, पण माझं चित्र अजून कुठे आलेलं नाही.

अर्धी_बाटली
मंडळी, डबा उघडला.

काल रात्री तीन ग्लास मांडले. एकात स्पाइस्ड, एकात साधा कोला, एकात साधा कोला अधिक रसायनवाली ताईंच्या कृतीचा दालचिनीचा पाक (उकळून, गाळून, तिरप्या ग्लासात, टेबल कोरडं राहिलं). बायकोच्या आणि मुलाच्या डोळ्यांवर पट्ट्या. नाक मोकळं ठेवलं, नाहीतर कारलेसाहेब जिंकले असते.

मुलाला पाकवाला आवडला. बायकोला साधा. तिसरा ग्लास कुणालाच नको होता म्हणून माझ्याकडे आला. पहिला घोट परका. दुसरा घोट, हं. तिसऱ्या घोटाला प्रवासी_पक्षींची आठवण झाली. मग गुपचूप स्वयंपाकघरात उभं राहून संपवला. रासबेरी तरंगत राहते हे खरं, पण मला तेच आवडलं!

आता सांगा, एखाद्याकडे आणखी एखादा डबा पडलाय का?

कडूकारले
'बघण्यासाठी असतात' म्हणणारे हेच का ते?

अर्धी_बाटली
मूळ पोस्ट संपादित करता येत नाही म्हणून, नाहीतर केव्हाच केली असती.

खारुताई
माझ्याकडे डबा नाही, पण ब्लॅकची रिकामी बाटली आहे. वसतिगृहाची आठवण. हुंगायला पाठवू?

ढगोबा
लॅपटॉप



परत आला. सगळं चालतंय, फक्त एन्टरचं



बटण थोडं चिकटतंय. दुरुस्तीवाला म्हणाला आतून



ख्रिसमसच्या केकचा वास येतोय.